गच्चीवरचं अंथरूण

आई, काल माळ्यावरून तुझी ताडपत्री खाली काढली. उंदरांनी दोन कोपरे खाल्लेत, मेण उडून ती जागोजागी पांढरी पडलीय, पण उलगडली तर ज्वारीच्या भुशाचा वास अजून येतो. मी तिथंच फरशीवर बसले आणि मला शिंकांवर शिंका आल्या. तुला जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलेय, यावरून लेकीचा आळस तसाच आहे हे तुला कळेलच. पण आळस हे एकच कारण नाही. एका भांडणाबद्दल लिहायचंय. भांडण मी केलं होतं, तू एक शब्दही बोलली नव्हतीस, आणि त्या भांडणात मी जिंकले असं पुढं कितीतरी वर्षं मला वाटत होतं.

सगळं भूकंपापासून सुरू होतं. आदल्या दिवशी गणपती बुडवून आपण दमून झोपलेलो, कानात अजून ढोल वाजत होते, आणि पहाटे घर हललं. आपलं लातूरचं भाड्याचं घर माळवदाचं, लाकडावर मातीचा हा जाड थर. ती माती भुरभुर अंगावर पडत होती. तू मला दंडाला धरून फरफटत अंगणात आणलंस. आत्या बाहेर आलेली पुन्हा आत पळाली आणि परतली ती हातात केरसुणी घेऊन. का, ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या आणि गल्लीतलं हसणं-बोलणं बंद झालं. बाबांच्या ऑफिसातला शिपाई आपली माणसं शोधायला गेला तो महिनाभर आला नाही, आणि आला तेव्हा कुणाशी बोलेना. हे सगळं मला दिसत होतं, मी काही तान्ही नव्हते, दहा वर्षांची होते. तरी खरं सांगायचं तर तो दीड महिना माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा. अख्खी गल्ली बाहेर. शाळा बंद. बाजेवर बसून जेवायचं, वर छप्पर नाही, आणि आई शेजारी. या सुखाची मला अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी नायगावहून मामा ही ताडपत्री घेऊन आला. खळ्यावर ज्वारी झाकायची ती. बाबा आणि शेजारचे काका दोऱ्या घेऊन तासभर घोळ घालत होते, त्यांचा तंबू दोनदा त्यांच्याच अंगावर पडला. मग तू पदर खोचून उठलीस. एक टोक लिंबाला, एक हापशाच्या दांड्याला, वाऱ्याकडची बाजू खाली ओढून त्यावर दगड, आणि भोवतीनं खुरप्यानं वीतभर चर, पाणी आलं तर आत नको शिरायला म्हणून. मी तोंड उघडं टाकून बघतेय. बाबा म्हणतात, "हे कुठं शिकलीस गं?" तू दोरीची गाठ दातानं ओढत म्हणतेस, "खळ्यावर राहायचो की आम्ही. लगन व्हायच्या आधी." तुझं लग्नाआधीचं काही असेल हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

दिवाळीला लोक एकेक करून घरात गेले. आम्हीही गेलो. तू नाही गेलीस. "मला भ्या वाटायलंय," म्हणालीस, बस्स. त्या वर्षी भ्या म्हटल्यावर कुणी हसत नव्हतं, कुणी खोदून विचारत नव्हतं. पुढच्या वर्षी आपण नव्या कॉलनीत स्लॅबच्या घरात राहायला गेलो. बाबांनी मुद्दाम भिंतीवर मूठ आपटून दाखवली, "सिमेंट हाय, सिमेंट! काय व्हतंय ह्याला?" तू मान डोलावलीस आणि तिन्हीसांजेला अंथरूण गच्चीवर नेलंस. मग रोजचंच झालं. पावसाळ्यात जिन्याच्या खोलीत, उघडीप पडली की पुन्हा बाहेर. थंडीत दोन वाकळा आणि वरून ही ताडपत्री. सहा-सात वर्षं. कॉलनीतल्या बायका तुला भूकंपवाल्या वहिनी म्हणायच्या, आणि मला शाळेत त्यावरून चिडवायचे.

तोवर लातूर बदललं होतं. खोली तिथं होस्टेल, ओसरी तिथं मेस, आणि पहाटे पाचला सायकलींची रांग क्लासकडे. नांदेड, हदगाव, उमरीकडून पोरं पेटी घेऊन उतरायची. मी तर गावातलीच, मला सबबच नव्हती. बारावीचं वर्ष, बाबांनी मला मनातल्या मनात डॉक्टर करून टाकलेलं, आणि कॉलेजच्या फळ्यावर मला गिर्यारोहणाच्या शिबिराची नोटीस दिसली. हिमालयात, सव्वीस दिवस. मी फॉर्म आणला. बाबा वाचत होते, आत्या पोहे निवडत होती, तू पोळ्या लाटत होतीस. बाबांनी काही म्हणायच्या आधीच तू म्हणालीस, "पोरीच्या जातीनं असं डोंगरात उंडारायचं नसतंय. परीक्षा दे मुकाट्यानं." तू! वर्षाचे आठ महिने आभाळाखाली झोपणारी तू मला हे सांगत होतीस. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तू भित्री हायस म्हणून मी बी भित्रीच व्हायचं का? सारं गाव घरात झोपतंय अन् तू गच्चीवर थरथरत बसतीस. लाज वाटती मला तुझी!" आत्याचा हात पोह्यांत तसाच राहिला. तू तव्यावरची पोळी उलटलीस. ती करपली होती.

त्या संध्याकाळी तू अंथरूण खाली आणलंस. वाकळा घडी करून पेटीत, ताडपत्री माळ्यावर. मधल्या खोलीत आत्याशेजारी गादी टाकलीस आणि नंतर कधीच वर गेली नाहीस. बाबांना एवढा आनंद झाला की ते फॉर्म फाडायचंही विसरले आणि त्यांनी मला जवळ घेतलं. "डॉक्टर व्हायच्या आधीच आईचं भ्या घालवलं पोरीनं," असं ते येईल-जाईल त्याला सांगायचे. आणि मी ऐकून घ्यायचे. फुगायचे, खोटं कशाला बोलू. तू रोज सकाळी डोकं जड झालं म्हणून कपाळाला बाम चोळायचीस. आत्या घोरायची, पंखा खडखडायचा, खिडकी डासांमुळे बंद. हे आता आठवतं. तेव्हा मला त्यात आठवण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

मी डॉक्टर झाले नाही, ते तुझ्यासमोरच झालं. बी.एस्सी. केलं, बारावीला जायचे त्याच क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवायला लागले, आणि पहिल्या सुट्टीत त्या शिबिराला गेलेच. या वेळी तू आडवी आली नाहीस. निघताना पिशवीत एक घडी कोंबलीस. ताडपत्रीचा तुकडा, कडेनं दाभणानं शिवलेला. "खालून ओल लागत न्हाई," एवढंच. मी हसले, तिथं सगळं देतात म्हणाले. तिसऱ्या दिवशी तंबूत पाणी शिरलं आणि तिथलं सगळं भिजलं, तुझा तुकडा सोडून. सकाळी मी तंबूतून डोकं बाहेर काढलं. समोर बर्फावर ऊन येत होतं, पाय गारठलेले, पाठ अवघडलेली, आणि मला आतून असं काही सुटल्यासारखं वाटलं की मी रडले. आजवर मी दुसऱ्यांनी नेमून दिलेले दिवस जगत होते, हा पहिला माझा होता. यापुढं याच्याशिवाय राहायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. आणि तेव्हाही, आई, तू मला आठवली नाहीस. तुकडा आठवला, तू नाही.

परत आले तेव्हा मला सांगायचं होतं शिखराचं. तू विचारलंस, "वारा कोणत्या अंगानं यायचा?" मग विचारलंस, दव पडतंय का तिकडं, आणि पहाटे पाखरं बोलतेत का, की नुसतं सुन्न असतं. मी घाईघाईनं हो-नाही करत होते. कढी उकळून उतू गेली तरी तुझे प्रश्न संपेनात. आईची काळजी, असं समजून मी उठले आणि बाबांना फोटो दाखवायला गेले. त्यानंतर तू तीन वर्षं होतीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस, आणि मीही सांगितलं नाही.

आता लातुरात नुसती पोरं येत नाहीत, त्यांच्या आयाही येतात. खोली भाड्यानं घ्यायची, दोन वर्षं पोराला करून घालायचं. रविवारी टेस्ट सिरीज असली की या बाया क्लासच्या फाटकाबाहेर डबा मांडीवर घेऊन तीन-तीन तास बसून राहतात. शेतातून उठून आलेल्या, हातापायाला काम नाही, बोलायला माणूस नाही. एका रविवारी मी म्हटलं, पेपर सुटेपर्यंत फिरून येऊ चला. दहाजणी निघाल्या, माळापर्यंत जाऊन आल्या. पुढच्या रविवारी सोळा. पोरांच्या परीक्षा संपल्यावर त्यातल्या नऊजणींना मी हिमालयात घेऊन गेले, नऊवारीतल्या दोघींसकट. आता दरवर्षी नेते. शिकवणं हे माझं पोट आहे, आणि हे माझं काम आहे. असं म्हणायला मला वयाची चाळिशी लागली.

गेल्या उन्हाळ्यात तंबूबाहेर चहा पीत बसलो होतो. हदगावची एकजण, मोठ्या एकत्र घराचा बारदाना मागं सोडून आलेली, मला म्हणाली, "मॅडम, घरी काय सांगून आले म्हाइत हाय का? डॉक्टरनं गुडघ्यासाठी चालायला सांगितलं म्हनलं. कुठला डॉक्टर अन् कुठला गुडघा!" सगळ्या खो खो हसल्या. मग प्रत्येकीनं आपापलं सांगितलं. कुणाला शुगर होती, कुणाचा नवस होता, कुणी पोरीला सोबत म्हणून आलेली. मी हसत विचारलं, "अहो, मला जायचंय असं सरळ का नाही सांगत?" ती हदगावची म्हणाली, "जायचंय म्हनलं की विचारतेत, कशापायी? दुखतंय म्हनलं की कुनी काई विचारत न्हाई."

भ्या वाटायलंय म्हटल्यावरही कुणी काही विचारत नव्हतं, आई.

तुझं भ्या हा तुझा गुडघा होता. घरात त्या एका शब्दाला मान होता, आणि त्याच्या आडून तू खळ्यावरची सकाळ सहा-सात वर्षं पुरवलीस. ती मी चारचौघांत तुझ्या हातातून काढून घेतली. भित्री नाही हे दाखवायला तुला खाली यावंच लागलं. मला समजलं नव्हतं असं म्हणून सुटता आलं असतं, पण तेही खरं नाही. भांडणाच्या वर्षभर आधी एकदा मी अभ्यासाला लवकर उठून गच्चीवर आले होते. नुकतं फटफटत होतं. तू ताडपत्री बाजूला सारून बसली होतीस, केस सोडलेले, पाय लांब केलेले, आणि काहीतरी गुणगुणत होतीस. दवानं ओली झालेली वाकळ हातानं उगाच थापटत होतीस. घाबरलेलं माणूस असं दिसत नाही. मी ते बघितलं होतं. तुला कळू न देता जिना उतरले होते. आणि तरी वर्षानं तो शब्द वापरला, कारण तो लागेल हे मला माहीत होतं.

आज ताडपत्री झटकून गच्चीवर आणली. टाकीच्या पाइपाला एक टोक, कठड्याला एक. तुझी गाठ जमली नाही, साधीच मारली. अंथरूण घातलं, आणि दिवस मावळायच्या आत हे लिहून संपवावं म्हणून बसलेय. कॉलनीत आता सगळीकडे चार-चार मजले, प्रत्येक खिडकीत अभ्यासाचा दिवा लागतोय, पण डोक्यावर तेवढं मोकळं आहे. आत्ताच आमच्या यांनी जिन्यातून हाक मारली, "अगं, वर काय करायलीस? गारठा पडायलाय, ये खाली."

नऊ-नऊ बायांना मी शिकवते, सरळ सांगत जा म्हणून. आणि माझ्या तोंडून निघालं, "खाली गुदमरायलंय हो. पंख्यानं डोकं दुखतं."

"बरं, बरं," म्हणून त्यांनी शालही आणून दिली. काही विचारलं नाही.