पाणी इथपर्यंत

१२ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद. तुझी तब्येत बरी आहे आणि गुडघा आता कुरकुरत नाही, असं मी माझ्या मनानेच ठरवून टाकलंय, कारण विचारलं तर तुझ्याकडून उत्तर येत नाही. मी ठणठणीत आहे. निवृत्त होऊन आठ महिने झाले. इस्पितळाच्या लॉन्ड्रीतल्या बायकांनी निरोपाला मला काय द्यावं, तर इस्त्री. तीस वर्षं वाफेत उभी राहिलेल्या बाईला इस्त्री! मी हसून घेतली आणि माळ्यावर टाकली.

पत्राचं कारण असं, की मी एक उद्योग करून ठेवलाय. खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. प्रवाळ, मासे, शंख, सगळा समुद्रच ठेवतात ना आत, तसली. नवी नाही, वापरलेली. माशांच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात धूळ खात पडली होती. कुणाची होती कोण जाणे. काच चांगली जाड आहे, खाली लाकडी कपाट आहे आणि त्यात पंपाची जागा. दोन हमालांनी धापा टाकत वर आणली. ऊन लागलं की शेवाळ माजतं म्हणे, म्हणून खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला लावली. माझं शिवणयंत्र त्यापायी स्वयंपाकघरात गेलंय.

तू हसशील. लहानपणी तू घरी आणलेल्या कासवाला जिने साबण लावून आंघोळ घातली, ती आता समुद्र पाळणार. ते कासव वाचलं होतं, एवढं मात्र लक्षात घे.

नळाचं पाणी चालत नाही. फिल्टरचं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात दुकानातलं खास मीठ विरघळवायचं, खारटपणा मोजायचा आणि एक दिवस पंप चालू ठेवून ते ढवळू द्यायचं. मोजमापाचं मला काही वाटत नाही. लॉन्ड्रीत सोडा आणि ब्लीच मापाने घालण्यातच जन्म गेला. पण दुकानदार म्हणतो, पहिले सहा आठवडे एकही मासा नाही. आधी दगड, मग वाट बघणं. पाण्याची टाकी घेऊन पाण्याकडे बघत बसायचं, असं हे काम आहे.

दोन वर्षं होत आली. तू मला जा म्हणालीस आणि मी गेले. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तू एकदा माझ्याशी बोलावंस, एवढंच वाटतं. रागावून बोललीस तरी चालेल.

तुझी,
रिकाम्या टाकीसमोर बसलेली
ताई

३० जानेवारी

धाकटे,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं आणि एक गोष्ट लिहायची टाळली. आधी माझी फजिती सांगते, म्हणजे पुढचं लिहायला हात वळेल.

दुकानदाराने टाकीत ठेवायला एक बादली भरून दगड दिले, ओल्या कागदात गुंडाळून. ओलेच घेऊन जा आणि ओलेच पाण्यात सोडा, असं त्याने दोनदा बजावलं. मी घरी येऊन कागद उलगडले. काय सांगू तुला! दगडांवर बुळबुळीत हिरवं, जांभळं, तपकिरी काय काय चिकटलेलं. भोकांतून धागे लोंबताहेत. एका दगडातून किडा डोकावून परत आत गेला. आणि वास तर विचारूच नकोस. मला वाटलं, हा माणूस गबाळा आहे, त्याला जमलं नाही ते मी करून दाखवते.

सगळी दुपार मी न्हाणीघरात होते. गरम पाणी, ब्लीच आणि तारेचा ब्रश. एकेक दगड घासून, भोकांत काडी घालून, सात पाण्यांतून काढला. संध्याकाळी गच्चीवर ओळीने मांडले तेव्हा नव्या चादरीसारखे पांढरे दिसत होते. दुसऱ्या दिवशी त्यातला एक पिशवीत घालून मी दुकानात गेले. शाबासकी घ्यायला गेले होते, खोटं कशाला बोलू?

दुकानदाराने दगड हातात घेऊन उलटासुलटा केला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, तो मळ नव्हता. तेच तर जिवंत होतं. पाणी स्वच्छ राखतं ते तेच. आता हे नुसते दगड राहिले."

मी तिथल्या स्टुलावर बसले ते मला उठवेचना. त्याने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, मी दगडांसाठी रडतेय.

आता टाळलेली गोष्ट. तुझे मास्तर गेल्यावर चौथ्या दिवशी तू त्यांच्या शाळेत कागदांवर सह्या करायला गेलीस. मी तुमच्या घरात एकटी होते. तू दमून येशील, पसारा दिसू नये, चादरी स्वच्छ असाव्यात, असं मला वाटलं. दाराच्या खुंटीवरचा त्यांचा सदरा धुतला. उशांचे अभ्रे धुतले. स्वेटर, मफलर, खुर्चीवरची शाल, सगळं गरम पाण्यातून काढलं. मास्तरांच्या माशांच्या टाकीचा पंप घरघरत होता आणि पाण्याला वास येत होता, म्हणून याच दुकानदाराला बोलावून टाकीही देऊन टाकली. फरशी फिनेलने दोनदा पुसली. तू आलीस, उशी उचलून नाकाशी धरलीस, मग धावत जाऊन दोरीवरचा ओला स्वेटर धरलास. आणि म्हणालीस, "ताई, तू त्यांना धुऊन टाकलंस. आता मी त्यांना कुठे शोधू?"

मी तेव्हा काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, अगं, कपडेच तर धुतले. दोन वर्षं मी मनात हेच घोकत होते, की कपडेच तर धुतले, एवढं काय झालं, आणि हिने मला घराबाहेर काढलं. मला तुझा राग यायचा. तो पांढरा दगड त्या माणसाच्या हातात बघेपर्यंत मला खरोखर कळलं नव्हतं, धाकटे, की मी काय केलं.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. शाळेचा फ्रॉक मी रोज धुऊन, इस्त्री करून तुला घालत होते. माझी माया सगळी त्यातच होती. दुसरी कुठली रीत मला कुणी शिकवली नाही आणि मीही कधी शिकायला गेले नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. चूक माझीच होती. माझं चुकलं.

आणि खोटं हे, की टाकी कुणाची होती ते मला पक्कं ठाऊक होतं. दुकानावरून जाताना ती कोपऱ्यात दिसली. काचेवर वरच्या बाजूला मार्करने मारलेली रेघ आणि तिच्याशेजारी मास्तरांच्या वळणदार अक्षरात 'पाणी इथपर्यंत'. मी आत जाऊन लगेच ती मागून घेतली. घरी आल्यावर ते अक्षर स्पिरिटने पुसायला कापूस हातात घेतला होता, सवयच मेली. पण पुसलं नाही.

दुकानदाराने मग एक गोष्ट सांगितली. त्या टाकीतले मासे जागा बदलल्यावर टिकले नाहीत, पण हिरव्या प्रवाळाचा एक दगड त्याने आपल्या मोठ्या टाकीत ठेवला होता, तो अजून आहे. मला दाखवला. पाण्यात हिरवे धागे हलत होते. माझं पाणी तयार झालं की तो देईन म्हणाला. तोवर दोन जिवंत दगड त्याने उसने दिलेत. माझे पांढरे चांगले खळबळून, सुकवून त्यांच्या शेजारी ठेवायचे. संगतीने त्यांच्यातही हळूहळू जीव येतो म्हणे. किती दिवसांनी, असं मी विचारलं, तर म्हणाला, विचारलं म्हणून लवकर येत नाही.

तुझी, चुकलेली
ताई

१८ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र छोटं आहे. तक्रारीचं आहे.

टाकीत सगळीकडे तपकिरी साय आलीय. वाळूवर, दगडांवर, काचेवर. आत चहा सांडल्यासारखं दिसतं. पुसायचं नाही असं दुकानदाराचं सांगणं आहे. पुढची काच बघण्यापुरती पुसा, बाकी हात लावू नका, नव्या टाकीत ते येतं आणि आपलं आपण जातं. माझे हात शिवशिवतात. परवा ब्रश घेऊन बाह्या वर केल्या होत्या. शेवटी ब्रश शेजारणीकडे ठेवायला दिला. मी मागितला तरी देऊ नकोस म्हणून तिला सांगितलंय. ती आता जिन्यात मला बघून हसते.

रोज नळीत टाकीतलं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकते. हिरवं झालं तर पाण्यात विष आहे, पिवळं राहिलं तर नाही. सध्या हिरवट आहे, पण कालच्यापेक्षा फिकं. पाणी रोज बोटभर आटतं. मी आपली खारं पाणी तयार करून ओतायला निघाले, तर दुकानदार म्हणाला, मीठ आटत नाही ताई, पाणीच आटतं, भर गोड्या पाण्याची घाला. हे मला पटायला दोन दिवस लागले.

म्हणून रोज सकाळी तांब्या घेऊन रेघेपर्यंत भरते. मास्तरांचं आणि माझं हयातीत कधी पटलं नाही. मी दारात दिसले की 'मुकादम आल्या, पाय धुऊन घ्या' असं ते तुला सांगायचे, ते मला ऐकू यायचं बरं का. आता रोज सकाळी तेच मला काम सांगतात आणि मी निमूट करते. हे त्यांना बघायला मिळायला हवं होतं. मला त्यांची आठवण येते, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायचा माझा हक्क आहे का, तेही कळत नाही.

तुझी,
ब्रश गहाण टाकलेली
ताई

२४ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनसमोर दारात उभ्यानेच वाचलं. 'ती तपकीरी आपोआप जाते. मास्तरही पुसायचे नाहीत.' खाली नाव नाही, वर मायना नाही. पण अक्षर तुझं आहे आणि तपकिरीची वेलांटी तू शाळेत चुकायचीस तशीच चुकली आहेस. पोस्टमनने विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, माझ्या बहिणीचं पत्र आहे. मग पुन्हा एकदा त्याला तेच सांगितलं.

आणि खरंच गेली ती तपकिरी. एका आठवड्यात वाळू पुन्हा पांढरी झाली. नळीतलं पाणी सलग दहा दिवस पिवळं आहे. गेल्या सोमवारी दुकानदार स्वतः तो दगड घेऊन आला, आपल्या हाताने आत ठेवून गेला. दोन दिवस प्रवाळ मिटून बसलं होतं. जांभळट, ओबडधोबड. मी जेवले नाही धड. तिसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरताना सहज मान वळवली, तर ते उमललेलं. सगळ्या बाजूंनी हिरवं, बारीक बारीक, पंपाच्या पाण्यात हलणारं. मी विळी तशीच टाकून टाकीपाशी गेले आणि मोठ्याने हाक मारली, "धाकटे, बघ." घरात कुणी नसताना. मग तिथेच जमिनीवर बसून रडले.

माझ्या पांढऱ्या दगडांपैकी एकावर, अगदी कडेला, नखाएवढा जांभळा ठिपका दिसतोय. दुकानदार म्हणतो, सुरुवात झाली.

आता खरं सांगायचं ते. काल कपाटाखाली पाणी दिसलं. पंपाची नळी सैल झाली होती. ती आवळायला मी कपाटात खांद्यापर्यंत हात घातला, तर मागच्या फळीला, पार आत, एका खिळ्यावर काहीतरी लागलं. टॉवेल होता. निळ्या पट्ट्यांचा, मास्तरांचा. टाकीचं काम करताना खांद्यावर टाकायचे तो. माझ्या हातून तेव्हा सुटला होता आणि दुकानदारानेही कधी तिथवर हात घातला नव्हता. मिठाने कडक झालाय, खांद्यावर दुमडायचे ती घडी तशीच राहिली आहे.

तुझ्यापासून काही लपवणार नाही. माझ्या डाव्या हाताने नळ सोडला होता. बादली अर्धी भरली, तिच्यात पावडरही पडली. टॉवेल बादलीवर धरलेला असताना मला तुझं उशी उचलणं आठवलं. मी नळ बंद केला. बादलीतलं पाणी मोरीत ओतून दिलं.

त्याला अजून त्यांचा वास आहे का, मला माहीत नाही. मी नाकाशी नेला नाही. तो आधी तुझा आहे. नळी आवळली, गळती थांबली, आणि टॉवेल होता त्याच खिळ्याला परत लावला. कपाटाचं दार लोटून ठेवलंय.

तू ये. माझ्याशी बोलायला नको येऊस हवं तर. मी स्वयंपाकघरात थांबेन, शिवणयंत्रापाशी. तू येऊन दार उघड, तुझं तू बघ आणि घेऊन जा. रेघेपर्यंत पाणी मी भरून ठेवते.

तुझी, काहीही न धुता वाट बघणारी
ताई