लॉरीचा खांदा

मुक्काम कुंभार पिंपळगाव,
पोळा, सन १३४६ फसली

राजमान्य राजश्री रामकिसनदादा, मुक्काम वाटूर, यांचे सेवेशी आपल्या धाकट्या बहिणीचे यजमान पुंजाराम यांचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. आपला गुडघा कसा आहे? मागल्या खेपेस दिलेले निर्गुडीचे तेल आपण म्हशीला लावलेत आणि गुण म्हशीला आला, असे कळले. उरले असेल तर आता गुडघ्याला लावून पाहावे. सासूबाईंचा खोकला थांबला असल्यास तसे कळवावे, म्हणजे इकडची चिंता थांबेल. (इकडची चिंता म्हणजे आपली बहीण. ती चिंतेत असली की मला जेवायला उशिरा मिळते.)

आता लॉरीविषयी. चैत्रात मी ज्वारी विकायला जालन्याला गेलो आणि मोटार घेऊन परत निघालो, हे आपणांस ठाऊक आहेच, कारण घरी नेण्याआधी मी ती मोठ्या उमेदीने आपल्याला दाखवायला वाटूरला आणली होती. तिथे भर फाट्यावर, चार लोकांदेखत, आपण विचारलेत की हा छकडा कुणाचा? लोक पोट धरून हसले. मी ते बिलकुल विसरलो आहे. तरीही वस्तुस्थिती सांगणे माझे काम आहे. मूळची ती एका जहागीरदाराची हवा खायची मोटार. त्यांची हवा खाऊन झाल्यावर ती जालन्याच्या बद्रीनाथ सुताराकडे आली. त्याने मागचा अर्धा भाग करवतीने कापून तिथे बाभळीचा लांब खटारा बसवला आणि वर हिरवा रंग दिला. पुढे मात्र जहागीरदारी शाबूत आहे. मखमलीची गादी, समोर काचेची फुलदाणी, तीत कागदी गुलाब. म्हणजे पुढून बघाल तर मुजरा करावासा वाटेल आणि मागून बघाल तर कडबा टाकावासा.

खरी लॉरी कशाला म्हणावे, यावर गावात चार महिने दुसरा विषय नव्हता. मच्छिंद्र पूर्वी जालन्याच्या एका मोटारीवर पुसापुशीला होता, म्हणून मी त्याला माझ्या गाडीवर ठेवला, तर पहिल्याच दिवशी तोच म्हणाला की खऱ्या लॉरीला मागं दोन्ही अंगाला जोडचाकं असतात. आमचे काकासाहेब एकदा हैदराबादेला जाऊन आलेले आहेत (तेव्हापासून ते कोणत्याही गोष्टीला मोठी म्हणत नाहीत). त्यांचे म्हणणे, जिच्या मागं उभं राह्यलं की म्होरलं गाव दिसत न्हाई ती लॉरी. माझ्या लॉरीमागे उभे राहिले की गाव दिसते, गावापलीकडची टेकडीही दिसते, हे मला मान्य करावे लागले. शेवटी मी ओट्यावर बसून सर्वांना ठणकावून सांगितले की चाके आणि उंची सोडा, वझे वाहील ती लॉरी. त्यावर आतून, सूप पाखडता पाखडता, आपली बहीण तुळजाबाई म्हणाली, “मंग तुमची कव्हा वाहून राह्यली?”

दादा, प्रश्न बराबर होता आणि तेच वाईट होते. बद्रीनाथाचा खटारा चाकांच्या बराच मागे गेलेला. पोती टाकली की मागचा भाग बसायचा आणि पुढची चाके उचलायची. पहिल्या बाजाराला मी हातात चाक धरून आभाळाकडे तोंड करून बसलो होतो आणि गाडी जागची हलत नव्हती. मग मच्छिंद्राला पुढच्या झाकणावर बसवले. त्याने गाडी खाली आली, पण मला रस्त्याच्या जागी मच्छिंद्र दिसू लागला आणि आम्ही सरळ कुंभाराच्या ओल्या मडक्यांत गेलो. नंतर गावातल्या बायांना बाजारात न्यायचे ठरवले. त्या हौसेने बसल्या, ओढ्यात उतरल्या, ढकलत पलीकडे गेल्या आणि वर ढकलण्याची मजुरी मागितली. त्यात सर्वांत पुढे आपली बहीण असती, पण ती आधी बसलीच नव्हती. चार महिन्यांत तिने त्या गाडीला हात म्हणून लावला नाही.

आणि एके दिवशी तिने अट घातली, तीही काकासाहेबांना साक्षीला बोलावून. ती म्हणाली, “पोळ्याच्या आदल्या दिशी मी खांदे मळते ते वझं वाहून घट्टा पडलेल्यांचे. ज्याचा खांदा मळायजोगा न्हाई त्याला ह्या घरात दाणापाणी न्हाई. पोळ्यापस्तोर तुमच्या ह्या बाईनं काही वाहिलं तर ठीक. न्हाई तर तिला बाजार दाखवा अन् तिच्या जागी बैल आणा.” काकासाहेबांनी मान डोलावली. मला खरेच रडू आले. त्या गाडीत मी जेव्हा मखमलीवर बसतो, तेव्हा बापजन्मात कधी वाटले नाही असे काहीतरी मला वाटते, आणि ते बैल घेऊन कसे वाटणार?

अशात पवळ्या लंगडला. पवळ्या म्हणजे आपण बहिणीच्या पाठवणीत दिलेला गोऱ्हा, आता थोराड बैल झालेला. तुळजाबाईचा त्याच्यावर माझ्याहून जास्त जीव आहे आणि ती ते लपवत नाही. चिखलात त्याच्या खुरात काहीतरी गेले, पाय मांडीएवढा सुजला, त्याने वैरण सोडली. तिनेही मग जेवण सोडले. सगळे पाले बांधून झाले. गुरांचा डॉक्टर सलोत्री तिकडे जालन्याला, आणि गाडीला बैल दोन लागतात, त्यातलाच एक गाडीत घालायचा. गावाच्या जोड्या शेतात पाळी घालायला गेलेल्या. तुळजाबाई अंगणात उभी राहून बराच वेळ माझ्या लॉरीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “लावा ती तुमची.”

बांधाला खटारा लावून आम्ही पवळ्याला आत घेतले. ती स्वतः त्याचा कासरा धरून मागे उभी राहिली. अपेक्षेप्रमाणे पुढची चाके उचलली आणि मच्छिंद्र आपल्या झाकणावर चढू लागला. तेवढ्यात पवळ्याला पुढचे गुलाब दिसले. दादा, तो बैल तीन पायांवर दोन पावले पुढे आला, माझ्या डोक्यामागच्या आडव्या फळीवर त्याने मान टाकली आणि लॉरी अशी सपाट बसली की जणू बद्रीनाथाने तिचे माप पवळ्याला बघूनच घेतले होते. मच्छिंद्र बिचारा चालत घरी गेला. जालन्यापर्यंत पवळ्याची मान माझ्या खांद्यावर होती. त्याने गुलाब खाल्ले, माझ्या पटक्याचा शेमला खाल्ला, आणि सगळी लाळ माझ्या पाठीतून खाली सोडली. मी इतका खुश आयुष्यात कधी नव्हतो.

जालन्याच्या नाक्यावर शिपायाने आम्हाला पाहिले. हिरवा खटारा, वर बैल, बैलाखाली मी. तो हसला नाही. बांबू वर करून कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, “लॉरीवाले, बाजू लेव, पीछे टांगा है.” मला उतरून त्याचे पाय धरावेसे वाटले, पण मान काढता येईना. मी मागे वळून तुळजाबाईला विचारले, ऐकलंस का? ती म्हणाली, “म्होरं बघा.” पण तिने ऐकले होते.

सलोत्रीने खुरातून बाभळीचा काटा काढला आणि पवळ्या दोन रोजांत वैरण मागू लागला. काल पोळ्याची आदली संध्याकाळ. तुळजाबाई लोणी-हळदीची वाटी घेऊन गोठ्यात गेली. तिने दोन्ही बैलांचे खांदे मळले, पळसाच्या पानांनी शेकले. मग वाटी तशीच घेऊन लॉरीपाशी आली. आम्ही सगळे मागोमाग. काकासाहेब म्हणाले, लॉरीला खांदा कुठला, पुढचं झाकण म्हणजे खांदा धरावा. मी म्हणालो, चाकाची वरची कमान. तिने दोघांकडेही लक्ष दिले नाही. ती गादीवर चढली. (प्रथमच.) माझ्या डोक्यामागच्या फळीवर, जिथे पवळ्याच्या मानेने हिरवा रंग घासून आतले लाकूड उघडे पडले होते, तिथे तिने बोटे ठेवली. म्हणाली, “हा बघा घट्टा.” आणि बैलाचा मळतात तसा, तळहाताने, सावकाश तो मळला. खाली उतरताना हळूच म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या ज्येवायला या.” बैलांना म्हणतात तेच. मी गोठ्यात जाऊन बैलांना कडबा टाकू लागलो, कारण डोळे पुसायला काहीतरी निमित्त हवे होते.

सासूबाईंस शिरसाष्टांग नमस्कार सांगावा. लोभ आहेच, तो लॉरीवरही असावा, ही विनंती.

आपला,
पुंजाराम

ता. क. आज पोळ्याच्या रांगेत बैलांमागे लॉरी उभी केली. तोरणाखाली पोहोचलो आणि तुळजाबाईने माझ्या हातातून गाडी सुरू करायचे हँडल काढून घेतले आणि घरी नेऊन जोखडांशेजारी टांगले. पोळ्याच्या दिवशी कुणाला जुंपायचे नाही, उद्या करीलाही नाही, असा तिचा निकाल आहे. लॉरी वेशीत उभी आहे. तिच्यापुढे पुरणाची पोळी ठेवली होती, ती शेजाऱ्यांच्या शेळीने खाल्ली.

ता. क. २. कर झाली की आम्ही दोघे वाटूरला येत आहोत. आपली बहीण मखमलीवर बसून माहेरी येणार. आता खरी विनंती. आपण त्याच फाट्यावर, त्याच लोकांदेखत, मोठ्याने एवढेच विचारावे की ही लॉरी कुणाची? बाकी आहेर नको. तसेच अलीकडच्या ओढ्याजवळ आपली बैलजोडी आणि एक दोर तयार ठेवावा. लिंबाच्या आड ठेवावा, म्हणजे रस्त्यावरून दिसणार नाही.

ता. क. ३. (तुळजाबाईला आईस नमस्कार कळवायचा आहे. तिच्यासाठी मास्तरांची नीला खाली दोन ओळी लिहील. मी बाहेर जातो.)

दादा, आईला नमस्कार सांग. पवळ्या चांगलाय. फाट्यावर तू छकडाच म्हण. लॉरी म्हणलास तर हे दुसरी आणतील. मी मनातल्या मनात लॉरी म्हणून राह्यले, तेवढं बस हाय.