लाल लोकरीचं रफू

चि. सुदर्शनला हेगहून ताईचे आशीर्वाद आणि एक चिमटा.

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या कोर्टात ज्याचा खटला चालू आहे ते हत्याकांड झालंच नाही म्हणणारा, तू घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ पाहिला. बहीण न्यायशास्त्र शिकलेली आणि भाऊ फोनवरच्या कुणा बोलघेवड्याचं बोलणं आप्तवचन, म्हणजे भरवशाच्या जाणत्याची साक्ष, मानतो, छान.

कोर्टात मी पुराव्याचे फोटो पडद्यावर लावते. काल सामूहिक कबरीतला एक राखाडी मोजा होता, लाल लोकरीने रफू केलेला. साक्षीदार बाई म्हणाली, "माझ्या मुलाचा. राखाडी लोकर संपली होती." वकिलाने पुढचा फोटो मागितला. दुपारी मी डबा खाल्ला. चव कळली नाही.

आईने तुझ्या शाळेच्या निळ्या स्वेटरचं फाटलेलं कोपर हिरव्या लोकरीने विणलं होतं. आजही ओळखशील ना? मग तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवरून काढ.

तुझी ताई