सायकल, तंबू आणि संहिताशी लावलेली पैज

बेस्ट, नेदरलँड्स
श्रावण, २००६

प्रिय मधू यास,

हेमचंद्राचा, कमरेतून वाकता येईल तेवढा वाकून, नमस्कार. (सध्या फारसं वाकता येत नाही. कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? मी धाडलेलं तेल लावतोस, की बाटली खिडकीत शोभेला ठेवली आहेस? साताऱ्यात पाऊस किती झाला, खानावळीतली आमटी अजून तळ दिसेल इतकी पातळ असते का, आणि सध्या कुठल्या पेन्शनराशी तुझं बोलणं बंद आहे, हे सगळं सविस्तर कळव. इथे आम्ही सर्व खुशाल. संहिता रोज ऑफिसातून दमून येते, जावई निहार दमलेला नसला तरी तसा दिसतो, आणि मी गेल्या आठवड्यात तंबू घेऊन तीन दिवस एकटा सायकलवर फिरून आलो. हे वाचून तुझा चष्मा नाकावर घसरला असेल. तो वर घे आणि पुढे वाच.

मुळात हे खूळ कसं निघालं ते सांगतो. संहिताची आई, सरला, गेली त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून आमच्या लेकीने मनात घेतलंय की पुण्यातला ब्लॉक विकावा आणि बाबांनी तळेगावजवळच्या ज्येष्ठांच्या एका संकुलात राहायला जावं. तिथे पलंगाशेजारी घंटा असते, जेवणात मीठ नसतं आणि संध्याकाळी सगळ्यांना मिळून टाळ्या वाजवायला लावतात. (टाळ्यांनी रक्ताभिसरण सुधारतं म्हणे.) पोरीचं चुकतं असं नाही. एवढ्या लांबून रोज फोन करायचा आणि मी उचलेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं, हे तिला सोसत नाही. पण मला तो ब्लॉक सोडवत नाही. इथे आल्यापासून रोज जेवताना हाच विषय. शेवटी एकदा मी म्हटलं, मी एकटा राहू शकतो हे सिद्ध करून दाखवलं तर? त्यावर निहारने, केवळ मध्ये काहीतरी बोलायचं म्हणून, माळ्यावर पडलेल्या त्याच्या तंबूचा विषय काढला आणि ठिणगी पडली. पैज अशी ठरली: मी तीन दिवस एकट्याने सायकलवर हिंडायचं, तंबूत झोपायचं, आपलं आपण करून खायचं. मदतीसाठी घरी फोन केला नाही, तर तळेगावचं नाव पुन्हा निघणार नाही. केला, तर मुकाट्याने सामान बांधायचं. संहिता तयार झाली, कारण पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत माझा फोन येणार अशी तिची खात्री होती. खरं सांगू? माझीही होती.

सायकल निहारची, जुनी, काळी आणि माझ्यापेक्षा ताठ. तिला हातात ब्रेकच नाही. पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. आता तू आठव, कॉलेजात असताना आपण सायकलवर बसून विचार कसा करायचो? वेग आला की पायडल उलटं गरागरा फिरवत. ती सवय माझ्या पायांत अजून आहे. त्यामुळे इथे मला जेव्हा जेव्हा काही सुचलं, तेव्हा तेव्हा सायकल जागच्या जागी थांबली आणि मी एकटाच पुढे गेलो. (कमरेचं कारण हे.) कालव्याच्या काठाने जाताना मला प्रश्न पडला की कालव्यातलं पाणी शेजारच्या शेतापेक्षा वर कसं काय; उत्तर मिळायच्या आत मी खाजऱ्या झुडपात होतो. आणि पाऊस! वारा कुठल्याही बाजूला वळलो तरी समोरूनच, आणि पाऊस त्याच्या खांद्यावर बसून. इथल्या लोकांना मात्र त्याचं काही नाही. एक बाई सायकलच्या पुढच्या लाकडी खोक्यात दोन पोरं आणि बगलेत फुलांची जुडी घेऊन शांतपणे माझ्या पुढे निघून गेली. पोरं माझ्याकडे बघत पाव खात होती. मला हे फार आवडलं. पावसाला इतकं दुर्लक्षित झालेलं मी प्रथमच पाहिलं.

पहिला मुक्काम एका शेतावर, तंबूवाल्यांसाठी राखलेल्या गवतात झाला. पोहे भिजवायची गरज पडली नाही, ते पिशवीतच भिजले होते. तंबू एकदा उलटा उभा राहिला, पण राहिला.

खरा घोटाळा दुसऱ्या दिवशी झाला, आणि तो फक्त तुझ्या-माझ्यासारख्यांचाच होऊ शकतो. इथे सायकलच्या वाटांवर प्रत्येक फाट्याला एक खांब आणि त्यावर एक ठळक आकडा असतो. आपण दोघांनी बांधकाम खात्यात उभी हयात किलोमीटरचे दगड रोवण्यात घालवली. रस्त्याकडेचा आकडा म्हणजे अंतर, हे आपल्या हाडात मुरलेलं. मला हिल्वरेनबेक नावाच्या गावी जायचं होतं. एका खांबावर ४१ दिसले. म्हटलं, लांब आहे, पण जमेल. पुढच्या फाट्यावर ४४. म्हणजे उलट्या दिशेने चाललो! सायकल वळवली. भलत्याच एका वळणावर १२ लागले, तेव्हा त्या आनंदात मी जवळचा शेवटचा लाडू खाऊन टाकला. आणि त्याच्या पुढे ७७. मधू, त्या खांबाखाली उभं राहून मी इथल्या बांधकाम खात्याला जे काही बोललो, ते आपल्या मोठ्या साहेबांच्या तोंडूनही कधी ऐकलं नसशील. (पुन्हा बारा शोधायला निघालो, तर तेही सापडेनात.) दुपार कलली. चर्चचा जो मनोरा मघाशी डाव्या हाताला होता, तो उजव्या हाताला आला. अंगावर कोरडं असं फक्त नाव उरलं होतं. मी पिशवीतून मोबाईल काढला. संहिताचा नंबर काढला. अंगठा बटणावर ठेवला. समोर मला तळेगाव स्पष्ट दिसत होतं, घंटेसकट.

तेवढ्यात झाडांमागे एक शेतघर दिसलं. आवारात बऱ्याच सायकली आणि मोटारी उभ्या. म्हटलं, वाट विचारणं म्हणजे काही घरी फोन करणं नव्हे. दार वाजवलं. दार उघडणाऱ्या बाईने, मी तोंड उघडायच्या आत, माझा ओला हात धरून हलवला आणि माझं अभिनंदन केलं. (हा एक डच शब्द मला येतो. संहिताला बढती मिळाली तेव्हा शेजाऱ्यांकडून ऐकला होता.) आत नेलं. तिथे भिंतींना पाठ लावून गोलाकार खुर्च्या मांडलेल्या, आणि त्यांवरची माणसं एकेक करून उठली, प्रत्येकाने माझा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. मला भरून आलं. साठी उलटलेला पुण्याचा माणूस, एकटा, सायकलवर, असल्या पावसात. निदान या लोकांना त्याची कदर आहे! मीही नम्रपणे मान झुकवत, अजून एक दिवस बाकी आहे हो, असं इंग्रजीत सांगत सगळा गोल पूर्ण केला. शेवटी घरच्या सूनबाईंनी, त्यांचं नाव अनलीस, हसू दाबत खुलासा केला. त्या दिवशी त्यांच्या सासूबाईंचा वाढदिवस होता. इथे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन आलेल्या प्रत्येकाचं करतात. जावयाचं, शेजाऱ्याचं, आणि आता वाट चुकलेल्याचंही. मी ओशाळलो. मग आपल्या रीतीप्रमाणे पुढे होऊन सासूबाईंच्या पाया पडलो. आणि कंबर तिथेच धरली. वर येता येईना. त्या मंडळींना वाटलं, पाहुण्याचं काहीतरी पडलंय. म्हणून सगळेच वाकून खुर्च्यांखाली शोधू लागले.

मला दोघांनी उचलून खुर्चीत बसवलं आणि हातात केक दिला. अनलीसबाईंनी आकड्यांचाही उलगडा केला. ते अंतर नव्हेच. ते त्या-त्या फाट्याचं नाव. कुठून कुठे जायचं ते आकडे लिहून घ्यायचे आणि एकामागून एक गाठायचे. गाव किती लांब आहे हे वाट सांगतच नाही, तू आत्ता कुठे आहेस तेवढंच सांगते. (हे आपल्या खात्यात मंजूर झालं नसतं.) सासूबाई, म्हणजे मीप आजी, नव्वदीच्या, कानाने अधू पण भारी चौकस. मी एकटा का हिंडतोय हे त्यांना कळायलाच हवं होतं. मी पैज सांगितली, सुनेने ती त्यांच्या कानात ओरडून सांगितली, त्यामुळे ती साऱ्या गोलाला कळली. जिंकल्यावर तुम्हाला काय मिळणार, असं आजींनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या घरात एकट्याने राहायला मिळणार. आजींनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि मग?” सगळे माझ्याकडे बघू लागले. मी केकचा मोठा घास घेतला.

तिसऱ्या दिवशी आकडे गाठत गाठत सरळ घरी पोचलो. संहिता दारातच उभी होती. डोळे सुजलेले. फोन केला नाहीत ना, एवढंच म्हणाली, आणि मला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. तळेगावचा विषय संपला. पोरगी शब्दाची पक्की आहे, आईवर गेली आहे.

असो. तब्येतीला जप. कळावे, लोभ आहेच.

तुझा विजयी मित्र
हेमचंद्र

ता. क. – पैजेत तंबूत झोपायचं कलम होतं, हे वर लिहिलंच आहे. दुसऱ्या रात्री कमरेमुळे मला तंबूत शिरता येईना. अनलीसबाईंनी पडवीत गादी घातली. हे संहिताला कळता कामा नये.

आणखी ता. क. – मीप आजींच्या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. परतीच्या वाटेवर तो डोक्यात आला की पाय उलटे फिरायचे आणि सायकल थांबायची. मी एकटा राहू शकतो, हे सिद्ध झालं. राहायला आवडत नाही, हेही त्याच तीन दिवसांत कळलं. सकाळी स्टोव्हवर चहा केला की हातून दोन कपांत ओतला जायचा. वाटेत काही नवल दिसायचं, आणि ‘बघ रे’ म्हणायला शेजारी कोणी नसायचं. तर पत्राचा मुद्दा एवढाच की मी दसऱ्याच्या आसपास पुण्याला परततो आहे, ब्लॉकची मागची खोली मोकळी आहे, सकाळचं ऊन येतं. तू साताऱ्याची खोली सोड आणि तिथे राहायला ये.

शेवटचा ता. क. – लगेच हो म्हणू नकोस, ते बरं दिसत नाही. पहिल्या पत्रात नाही म्हण, म्हणजे मला आग्रह करता येईल. दुसऱ्या पत्रात मात्र नाही म्हणू नकोस, मधू.