हिवाळी सफरचंदाला घाई नसते

विनित्सा, २२ ऑगस्ट १९९५

ती. मेलांकाताईस तिमिशचा सा. न. वि. वि.

आठ वर्षांपूर्वी बाबांच्या झाडाची काडी बांधून तू दिलेलं कलम यंदा पहिल्यांदा भरभरून फळलं. पण हे पत्र तुझं कौतुक करायला नाही. स्पासच्या सणाला सगळी गल्ली आपापली सफरचंदं चर्चमध्ये आशीर्वादाला नेते. मीही नेली, वर तुझ्या भावजयीने, ओरिनाने भरतकाम केलेला रुमाल घालून. पाद्रीबाबांनी मानाने माझंच एक उचललं, चावलं आणि मला विचारलं की हे फळ की दगड. शेजारचा हर्मान अजून हसतोय. वर प्रत्येक फळाच्या गालावर चामखीळ! पानं गळाली की झाड तोडतो आणि हर्मानसारखं उन्हाळी पांढरं सफरचंद लावतो.

ओरिनाचा नमस्कार. लोभ असू दे, झाडं मात्र पाठवू नकोस.

तुझा तिमिश

होरोदिश्चे, ५ सप्टेंबर

चि. तिमिश यास अनेक आशीर्वाद. अक्कल वेगळी मागून घे.

रेनेट सिमिरेंको ही हिवाळी जात, आणि खायची स्पासला! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलंस आणि तुला 'हिवाळी' म्हणजे काय ते कळलं नाही? हे फळ ऑक्टोबरात पोक्रोवाच्या सणापर्यंत झाडावर राहतं. मग देठासकट अलगद काढायचं, पुसायचं नाही, थंड तळघरात लाकडाच्या भुशात ठेवायचं आणि विसरून जायचं. फेब्रुवारीत पिवळसर होतं तेव्हा खायचं. मे महिन्यापर्यंत टिकतं. हर्मानचं पांढरं आठवड्यात पिठूळ होतं, मालकासारखंच. चामखीळ ही तर या जातीची ओळख. खोड थंडीला नाजूक आणि पानांना खपल्यांचा रोग लवकर, एवढं मात्र कबूल करते.

आता टवाळी पुरे. बाबांचं झाड गेल्या थंडीत निम्मं वाळलं. ते गेलं तर त्यांच्या हातचं एवढं तुझ्याच अंगणात उरेल. फेब्रुवारीपर्यंत करवतीला हात लावू नकोस, माझी शपथ आहे.

ओरिनाला गोड पापा, तुला कानपिळी.

तुझी ताई

विनित्सा, २० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पोक्रोवा झाल्यावर फळं काढली, दोन पेट्या भुशात भरल्या. गेल्या रविवारी एक चाखलं. तेच आंबट लाकूड! लहानपणीही तू मला कच्चे पेअर खायला लावायचीस आणि उद्या गोड लागतील म्हणायचीस. साठी उलटल्यावर माणसाने आणखी किती वाट बघायची? हर्मान रोज कुंपणावरून विचारायचा की दगड पिकले का. काल झाड पाडलं. पेट्या तेवढ्या ओरिनाने फेकू दिल्या नाहीत.

रागावशील हे ठाऊक आहे. राग ओसरला की चार ओळी लिही.

तिमिश

होरोदिश्चे, २५ जानेवारी १९९६

तिमिशला,

बाप्तिस्म्याच्या सणाच्या थंडीत बाबांचं झाड बुंध्यापासून उभं फाटलं. मी साल खरवडून पाहिली, आत सगळं काळं आहे. तू जन्मलास त्या वर्षी त्यांनी ते लावलं होतं. दोन झाडं होती. एक थंडीने मारलं, एक तू. थंडीला मी दोष देत नाही.

लोभाचं तुझं तू बघ.

मेलांका

विनित्सा, १० मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तीन महिने लिहायचं धाडस झालं नाही. फेब्रुवारीअखेर ओरिनाने एक फळ कापून माझ्यापुढे ठेवलं. पिवळं, रसाळ, आंबटगोड. बाबा ईस्टरच्या आधी तळघरातून आणायचे तेच. ताई, मी स्वयंपाकघरात बसून रडलो. गाढवाला गुळाची चव काय, असं तू म्हणशील, म्हण.

पण आज सकाळी पाहिलं तर कापलेल्या खोडाला तीन फुटवे आलेत! झाड जिवंत आहे. मी ओरिनाला घेऊन अंगणात नाचलो.

आता तरी लोभ कर.

तुझा तिमिश

होरोदिश्चे, १७ मे

चि. तिमिश यास आशीर्वाद, अर्धे.

नाच थांबव. कलमाखाली खुंट रानटी असतो. फुटवे त्याचे असतील तर त्याला बोराएवढी कडू फळं येतील आणि ती तुला शोभतील. जमिनीजवळ खोडाला एक फुगीर गाठ असेल, तिथे मी काडी बांधली होती. फुटवे गाठीच्या खाली असले तर बाबांचं झाड संपलं. वर असले तरच ते त्यांचं. झाड पाडणारे सगळे बुडाशीच करवत घालतात, म्हणून मला आशा नाही. तरी पाहून कळव. मी रोज टपालाची वाट बघते.

ताई

विनित्सा, २४ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

पट्टी घेऊन दोनदा मोजलं. गाठ जमिनीपासून चार बोटांवर आहे. आणि करवत मी कमरेएवढ्या उंचीवर चालवली होती, कारण मला खाली वाकायचा कंटाळा आला होता. तिन्ही फुटवे गाठीच्या वर आहेत.

हसून झालं की ऑगस्टात ये, कलमासाठी फुटव्याचे डोळे काढायचा चाकू घेऊन. एक फुटवा तुझ्या अंगणासाठी.

तुझा आळशी भाऊ,
तिमिश