कांदा ऐकू द्या

१४ ऑक्टोबर, शनिवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तुझा गुडघा काय म्हणतोय? फोन सोडून पत्र आलं म्हणून लगेच छातीत धस्स होऊ देऊ नकोस. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा खटाटोप.

काल बाबांकडचं जेवण पार पडलं. आई महिन्यातून एकदा मैत्रिणींना जेवायला बोलवायची, ते तिच्यामागे बंदच पडलं होतं. बाबांनी आपणहून दोघींना बोलावलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना आणि नर्सबाईंना. 'मी करणार आहे,' असंही सांगून टाकलं. तुझं काम माझ्या डोक्यात पक्कं होतं. पाहुण्या गेल्या की बाबांना सांगायचं, महिनाअखेरीस भाऊजी गाडी घेऊन येतील, सामान बांधा, आता कायमचं ताईकडे. डोळे असे झालेत, त्यात परवा पातेलं जळून घरभर धूर झाला, एकटं ठेवण्यात शहाणपण नाही. हे सगळं मी वाटेत पाठ करत गेले.

त्याचं काय झालं ते लिहिते, पण आधी सूप. आईच्या टोमॅटो सूपची कृती तू किती वर्षं मागतेयस! आई 'अंदाजाने' म्हणायची आणि विषय मिटवायची. ताई, ती कृती सापडली. ती बाबांकडे होती.

हसू नकोस. मीही हसलेच होते. जन्मात कधी चहाचं आधण न ठेवलेला माणूस! म्हणून मी दुपारीच जाऊन थडकले. ऐनवेळी आपल्याच गळ्यात येणार, आणि माझा स्वयंपाक म्हणजे सगळा आनंदीआनंद, हे तुला ठाऊकच आहे. बघते तर ओट्यावर कांदे चिरून तयार. सगळे एकसारखे. बोटं आत मुडपून, सुरीला पेरं टेकवून चिरलेले. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना आता धुरकट दिसतो, कडेचं तेवढं दिसतं. पण जन्मभर रेडिओ दुरुस्त करताना केसाएवढ्या तारा जोडलेली बोटं ती, त्यांना कांदा काय जड?

पाहुण्या आल्या आणि सवयीप्रमाणे स्वयंपाकघरातच बसल्या. रेडिओ बंद करता येतो, आपल्या काकू नाही. त्यांचं सुरू झालं, "अहो भाऊ, त्या दिवशी मला वास आला म्हणून बरं, नाहीतर..."

"वहिनी, जरा गप्प बसा. कांदा ऐकू द्या."

काकू चक्क गप्प बसल्या. नर्सबाईंनी मांडीवरची पिशवीसुद्धा चुरचुरते म्हणून खाली ठेवली. आम्ही तिघी बायका श्वास धरून एका पातेल्याकडे कान लावून बसलो होतो, आणि ताई, खरंच ऐकू यायला लागलं! आधी कांदा ओला असतो, तेव्हा नुसता भांडतो, चर्र चर्र. मग त्यातलं पाणी उडत जातं आणि आवाज बारीक होतो. मग तो जवळजवळ थांबतो. तिथे बाबा म्हणाले, "आता," आणि टोमॅटो घातले. मी वाकून पाहिलं होतं. आईचा कांदा असायचा तोच रंग, ना कमी ना जास्त.

"तुम्हाला हे शिकवलं कोणी?" मी विचारलं.

"शिकवतंय कोण? ती आत, मी बाहेर, मध्ये एक फळीची भिंत. हातात कुणाचातरी मुका रेडिओ. मग दिवसभर मी ऐकणार काय? तिलाच."

पुढची कृती अशी. टोमॅटोबरोबर दोन लसणाच्या पाकळ्या आणि एक बटाटा किसून. (बटाटा! आणि आपण दोघी साय घालून मरत होतो.) मंद आचेवर. पाणी आहे तोवर खळखळतं, दाट झालं की पुटपुटायला लागतं. पुटपुटलं की मीठ, आधी नाही. गाळायचं नाही, घोटायचं. बरोबर पाव, नुसत्या तव्यावर भाजलेला.

काकूंना राहवेना. "मग भाऊ, एवढे कान तिखट, तर त्या दिवशी पातेलं जळलं कसं?"

बाबा ओशाळले. "त्या दिवशी खाली रस्ता खोदत होते. त्या मशीनपुढे मला काहीच ऐकू येईना. आणि हे सांगू कुणाला? मी कानाने शिजवतो म्हटलं तर म्हणाल, डोळ्यांपाठोपाठ डोकंही गेलं."

काकू पुन्हा गप्प. एकाच संध्याकाळी दोनदा! त्यांनी जाताना बजावलं, यापुढे रस्त्यावर मशीन लागलं की त्या दिवशी जेवणाचा डबा खालून वर येणार, नाही म्हणायचं नाही.

सूप झाल्यावर बाबांनी डाव पातेल्याच्या काठावर दोनदा वाजवला. आई वाजवायची तसा. मला वाटायचं, ती डाव निथळतेय. पण वाजवून बाबा थांबून राहिले, मान बाहेरच्या खोलीकडे. तेव्हा मला आठवलं, आईने वाजवलं की बाहेर त्यांची खुर्ची सरकायची. जेवायला चला, आणि आलो, एवढं दोघांचं बोलणं व्हायचं, आपल्या देखत, आणि आपल्याला पत्ताच नाही. मी बाहेर गेले आणि त्यांची खुर्ची सरकवली. आत ताटल्या मांडल्याचा आवाज आला. मी डोळे पुसले आणि आत जेवायला गेले.

पहिला घोट घेऊन नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "आली हो ती जेवायला."

सगळे गेल्यावर भांडी पुसताना बाबांनी विचारलं, "ताईने तुला काहीतरी सांगायला पाठवलंय ना? आल्यापासून तुझा आवाज चढा लागलाय."

मी म्हटलं, "हो. तिला सूपची कृती हवीय."

तर ताई, झालं ते असं. तुझं काम मी केलेलं नाही आणि करणारही नाही. आपण आंधळ्या माणसाला सांभाळायला निघालो होतो, पण त्या घरातला प्रत्येक आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. तुझ्या घरात कितीही प्रेमाने ठेवलंस तरी तिथे ते खरे आंधळे होतील. माझ्यावर रागव, चार दिवस बोलू नकोस, पण भाऊजींना म्हणावं गाडी घेऊन जरूर या, फक्त तुला घेऊन आणि भुकेल्या पोटी.

येण्याआधी कळव म्हणणार होते, पण बाबांनी निरोप दिलाय तो जसाच्या तसा लिहिते: "तिला म्हणावं, कळवू नकोस. जिन्यावर तुझं पाऊल वाजलं की मी कांदा टाकतो."

जिन्यापाशी बसून आहेत, ताई.

तुझी
धाकटी