प्रतिकूल बाजूची चिठ्ठी

२२ जुलै, मंगळ.
सातची बस आज उशिरा आली. शीतल खांद्यावर डोकं टाकून वडवणीपर्यंत झोपली, माझा हात मुंग्यांनी बधिर. पहिला तास बुडला. बरंच झालं, इतिहास होता.

मराठीला गायकवाड मॅडमनी काल सगळ्या वर्गाला स्टँडवरचा वाढदिवसाचा बॅनर बघून यायला सांगितलं होतं. आज त्यावर तास. फळ्यावर लिहिलं: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, त्याला काय पाहिजे. बॅनरवर वाढदिवसवाला एक आणि शुभेच्छुक चाळीसेक, सगळ्यांचे गॉगल सारखेच. ओंक्या म्हणाला, "मॅडम, त्येच्यात आमचे चुलते पन हायेत." वर्ग हसला. मी उठून म्हणाले, ही सगळी लबाडी आहे, रस्त्यात खड्डे आणि वर हे दात काढतात. मॅडम म्हणाल्या, "राग आलाय ते कळलं. आता मुद्दा सांग."

मुद्दा सांगता आला नाही. त्याचा आणखी राग आला.

२५ जुलै, शुक्र.
वाडीच्या ग्रुपवर रात्री मेसेज: आपली सातची बस बंद होणार, उत्पन्न नाही म्हणे. खाली अंगठेच अंगठे. अंगठे कशाला? आनंद झाला का तुम्हाला? सकाळी सातनंतर वाडीतून वडवणीला काही नाही, नानांच्या भावाची काळीपिवळी सोडली तर. नाना म्हणजे आमचे उपसरपंच. ती जीप भरेपर्यंत हलत नाही, आणि भरते म्हणजे पोरींच्या मांडीवर माणसं बसेपर्यंत भरते. शीतलचे वडील, बप्पा, तिला त्या जीपमधून पाठवणार नाहीत, हे अख्ख्या वाडीला माहीत आहे. बस गेली की शीतलची अकरावी गेली.

मॅडमना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "चालू घडामोड म्हणतात ती हीच. बुधवारी यावर वादविवाद." विषय: वाडीची सकाळची बस चालू राहिली पाहिजे. नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या, अनुकूल, प्रतिकूल. शीतलला अनुकूल आली. मला प्रतिकूल.

मी म्हणाले, मॅडम, बदलून द्या, मी त्याच बसने येते. म्हणाल्या, "म्हणूनच. जे पटलंय ते कुणीही बोलतं. समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडता आली तरच तुला त्याच्याशी भांडता येईल."

ऐकायला छान. चिठ्ठी त्यांना आली नव्हती.

२७ जुलै, रवि.
मुद्दे काढायला बसले. आई म्हणाली विहारात चल, वर्षावासाचं वाचन आहे. नाही गेले.

बस कशाला नको ते मला काय माहीत. मग डोकं चालवलं, ज्यांना नको आहे त्यांनाच विचारलं. शीतलच्या घरी गेले. बप्पा ओसरीवर दोरखंड वळत होते. आधी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं." मग थांबेचनात. बस रिकामी पळती. बायकांना अर्धं तिकीट, पोरींना पास फुकट, मग यष्टीनं खायाचं काय. पोरी वडवणीला जाऊन मोबाईल शिकतेत. गावात दहावीपर्यंत शाळा हाय, तेवढं शिकून कोन उपाशी मेलं. एक वाक्य धड नाही, मधेच तंबाखू, मधेच शिवी. मी सगळं लिहून घेतलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, म्हणजे शीतल ऐकत होती.

घरी येऊन त्यांचीच वाक्यं नीट लावली. शिव्या काढल्या, क्रम बदलला. उभं राहून म्हणून बघितलं तर अंगावर काटा आला. असलं खोटं इतकं सरळ कसं काय उभं राहतं?

३० जुलै, बुध.
जिंकले.

शीतल आधी. "सन्माननीय व्यासपीठ..." म्हणाली आणि पुढचं विसरली. "बस पाहिजे. कारण की आमी शिकतो. आनि... बस पाहिजे." खाली बसली. मग मी. "सन्माननीय व्यासपीठ, मी या विषयाच्या प्रतिकूल बाजूने बोलणार आहे," आणि मग सुरू. रिकाम्या सीटा, डिझेल, पोरींच्या हातातले मोबाईल. शेवटी थांबले, सगळ्यांकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मी स्वतः रोज त्या बसने येते. आणि मीच म्हणते, ही बस बंद करा."

टाळ्या. बेंच वाजवले पोरांनी. आपला स्वतःचा अनुभव सर्वात शेवटी ठेवायचा, हे मॅडमनीच शिकवलेलं. त्या म्हणाल्या, "शेवट ऐकून मलाच क्षणभर पटलं."

लई भारी वाटलं, खोटं कशाला लिहू. बसमध्ये शीतल बोलली नाही. हरली म्हणून फुगली असेल.

२ ऑगस्ट, शनि.
ओंक्याने व्हिडिओ काढला होता. स्टेटसला ठेवला. तिथून कुणी उचलला, आणि आज सकाळी नानांनी वाडीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलंय: आपल्या वाडीच्या लेकीचे परखड मत, अवश्य ऐका.

सुरुवात कापलेली. "प्रतिकूल बाजूने" हे नाहीच. थेट रिकाम्या सीटांपासून चालू, आणि शेवटी मी, गंभीर तोंड करून, बस बंद करा.

लगेच ग्रुपवर लिहिलं: ही वादविवाद स्पर्धा होती, मला चिठ्ठीत ती बाजू आली होती, माझं मत उलट आहे. सगळं सविस्तर. उत्तरं आली. "शाब्बास बाळा." "अशीच प्रगती कर." कुणीतरी हात जोडलेले. कुणी वाचलंच नाही. एकाने तर माझ्याच खुलाशाखाली पुन्हा तोच व्हिडिओ टाकला. माकडाच्या हाती कोलीत आणि कोलीत मीच पेटवून दिलेलं, तेही रविवारभर बसून.

ओंक्याला फोन केला. "का म्हून कापलंस रे?" म्हणाला, "सुरवात बोर हुती. स्टेटसला बसत न्हवती."

सुरुवात बोर होती!

४ ऑगस्ट, सोम.
बसमध्ये वाडीच्या बायका नेहमी सरकून जागा देतात. आज कुणी सरकलं नाही. एक मावशी दवाखान्याला चाललेली, खिडकीकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "शिकल्यावर असंच व्हत असतंय."

मॅडमना व्हिडिओ कळलेला. प्राचार्यांनी सकाळीच बोलावलं होतं त्यांना. चालू घडामोडी बंद, पुस्तकातलं शिकवा, गावागावात भांडणं नकोत. मॅडम तासिका तत्त्वावर आहेत, पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते हेच प्राचार्य ठरवणार. वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "धडा चौथा काढा." मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्या पुस्तकाकडे.

तास संपल्यावर व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, तुम्ही चिठ्ठी बदलून दिली असती तर हे झालं नसतं. म्हणाल्या, "हो." एवढंच. मला वाटलं होतं वाद घालतील. भांडायला गेलेल्या माणसाला "हो" म्हणू नये कुणी. मी पुढे म्हणाले, मग आता काय? "तुझं भाषण चांगलं होतं, करुणा. त्यात मी सुरुवात आणि शेवट बघितला. ते वर्गाबाहेर जाईल हे नाही बघितलं." डोळे भरलेले. मला त्यांची कीव करायची नव्हती. मी निघून आले.

६ ऑगस्ट, बुध.
आई अंगणवाडीला सुट्टी टाकून माझ्याबरोबर आगारात आली. आगारप्रमुख सज्जन माणूस, बसा म्हणाले, पाणी दिलं. आईने सांगितलं, पोरींची शाळा तुटंल सायेब. ते ऐकत होते आणि माझ्याकडे बघत होते. मग मोबाईल काढला. "ही तूच ना?"

त्यांच्यापर्यंत गेला होता!

मी सगळं सांगितलं, चिठ्ठी, बाजू, कापलेली सुरुवात. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, निर्णय उत्पन्नावरच झालाय, व्हिडिओवर नाही. पण गावानेच मागितलं तर पुन्हा वर लिहिता येतं. "पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेचा ठराव आणा. बस पाहिजे म्हणून. मग बघू."

परत येताना आई म्हणाली, "येवढं चांगलं बोलायला यायची काय गरज हुती?" आणि मग स्वतःच हसली. मला नाही हसू आलं.

११ ऑगस्ट, सोम.
सातची आली नाही. आठ वाजेपर्यंत उभी. काळीपिवळी समोर येऊन थांबली, ड्रायव्हर म्हणतो, "बसा म्याडम, तुमच्याच कृपेनं गर्दी वाढली." बसले. काय करणार. दोन्ही बाजूंनी दाबून, दप्तर छातीशी धरून.

शीतल आली नाही. संध्याकाळी तिच्या घरी गेले. ओसरीवर बप्पा. शीतलला का नाही पाठवलं म्हटल्यावर चिडले वगैरे नाहीत. उलट कौतुकाने म्हणाले, "तूच तर म्हनलीस ना, पोरी. रिकाम्या शिटा, डिझेल. मला बोलता येत न्हवतं, तू बराबर बोललीस."

बप्पा, ते तुमचंच होतं. मी फक्त नीट लावलं. हे तोंडातून निघालंच नाही.

शीतल दाराच्या आतच उभी. बाहेर आली नाही. म्हणाली, "बप्पा रोज तेच म्हनायचे. पर मी उलटून बोलायचे, त्यांचं काईच नीट नसायचं. आता तुझं पाठ करून म्हनतेत. त्येला काय उत्तर देऊ ते तरी सांगून जा."

घरी येऊन जेवले नाही. आईवर उगीच ओरडले. ओंक्या, नाना, आगार, सगळ्यांना मनात शिव्या घालून झाल्या. आणि फिरून फिरून त्या बुधवारच्या टाळ्या ऐकू येतात. स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

१३ ऑगस्ट, बुध.
ग्रामसभेसाठी भाषण लिहितेय. जमत नाही. बस पाहिजे, कारण आम्ही शिकतो. पुढे काय? बस पाहिजे. शीतलचंच भाषण होतंय. जे पटलंय ते कुणीही बोलतं म्हणे. साफ चूक. जे पटलंय ते बोलताना सगळं रडगाणं वाटतं.

मॅडमनी आज वर्गात पुस्तकच शिकवलं. जाताना माझ्या बाकापाशी थांबल्या. "उद्या मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बस, ग्रामसभेचं बघू. शाळेच्या नावाने नको, अशीच." मी म्हणाले, गरज नाही. मग वाटलं, उगीच नाही म्हणाले.

१५ ऑगस्ट, शुक्र.
झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली, आणि वाडीच्या शाळेच्या मैदानातच ग्रामसभा. माणसं खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. बसचा विषय आला तशी मी उठले.

नाना म्हणाले, "थांब बाळा. आधी तुझंच ऐकू." देशभक्तीच्या गाण्यांसाठी आणलेल्या स्पीकरला मोबाईल जोडला आणि माझा आवाज अख्ख्या वाडीवर. घुमत होता. आणखीच चांगला वाटत होता. "मीच म्हणते, ही बस बंद करा." काही जणांनी टाळ्या वाजवल्या, त्याच जागी जिथे वर्गात वाजल्या होत्या.

मग नाना शांतपणे म्हणाले, "आता येवढंच सांग. तवा खोटं बोलत हुतीस, का आता बोलतीस?"

काय सांगायचं याला? मी म्हणाले, तेव्हा चिठ्ठी निघाली होती. हशा. नाना म्हणाले, आज कुनाची निघाली? पुन्हा हशा. मी ओरडले, तुमच्या भावाची जीप आहे म्हणून तुम्हाला बस नको, हे का सांगत नाही? हा मुद्दा होता. पण ओरडून म्हटला ना मी, रडत, नाक वाहत. नाना दुखावल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "लेकरू हाय, राग न्हाई मला." आणि बाजी मारली. ग्रामसेवकांनी लिहिलं: विषय पुढील सभेत घ्यावा.

पुढील सभा गांधी जयंतीला. तोपर्यंत शीतलची हजेरी मातीत.

मैदानातून निघताना बप्पा आडवे आले. मला वाटलं आता हेही बोलणार. म्हणाले, "नानाच्या जीपचं खरं हाय. पर माझ्या डोक्यात तुझं पयलंच बसलंय. घरी येऊन बोल एकदा, निवांत. पटलं तर पाठवतो पोरीला, कसं जायाचं ते बगू."

१७ ऑगस्ट, रवि.
गेले. आई येते म्हणाली, नको म्हटलं.

बप्पांनी टीव्ही बंद केला. चहा आला. समोर बसले, मांडी घालून, खरंच ऐकायला. म्हणाले, "बोल."

बोलले. सीटा रिकाम्या का असतात, कारण बस कधी येईल भरवसा नाही. आगारात पुन्हा जाऊ, तोवर आईची एक बहीण वडवणीला राहते, सोमवार ते शनिवार शीतल आणि मी तिथे राहू शकतो, आईने विचारून ठेवलंय. शीतलला अर्थशास्त्रात माझ्याहून जास्त पडतात. मोबाईल तिच्याकडे नाहीच, माझ्याकडे आहे. रडले नाही. ओरडले नाही. सगळं क्रमाने.

बप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मधे तंबाखूसुद्धा मळली नाही. मग म्हणाले, "चांगलं बोललीस. पर खरं सांगू का पोरी, तवाचं जास्त पटलं हुतं."

मी उठले. तोंडात येईल ते बोलले असते, दात आवळून चपला घातल्या.

शीतल दारापर्यंत आली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बाहेर. हळू म्हणाली, "उद्या रात्री ये, जेवल्यावर. तवा त्यांचं डोकं शांत असतंय. मी पन बसंन."